पंचाचं बोट

नळदुर्ग,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. विरेश यास,
शंभुलिंगअण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इथं सगळे आहोत तसे आहोत. तुझी खुशाली तूच कळव, पण लिहून कळव.

परवा तुझा फोन आला तेव्हा तू काय बोललास आणि मी काय उत्तर दिलं, देव जाणे. कानातलं मशीन घातलं की शिट्टी मारतं आणि काढलं की सगळं गप्प होतं. तुझी वहिनी सांगत होती की मी तुला तीनदा जेवण झालं का विचारलं आणि फोन ठेवून दिला. म्हणून आता पत्र. शाळेत तीस वर्षं क्लार्की केली, कान गेले तरी अक्षर अजून शाबूत आहे. गुडघे मात्र साफ गेले. जगदेवीची शुगर वर-खाली होते आणि तिच्यासोबत तिचा स्वभावही. हे तिला दाखवू नको.

कामाचं असं की आपल्या प्लास्टिक बॉल लीगची भिंत भरत आली. मैदानाकडेच्या गोदामाची ती भिंत, जिच्यावर दर सव्वीस जानेवारीला आपण एका मानकऱ्याचं नाव ऑइल पेंटनं लिहितो. आता पावसाच्या पाइपापर्यंत एकच ओळ शिल्लक आहे. पाइपापलीकडची भिंत दुसऱ्या मालकाची, तो चुन्याचा ठिपकासुद्धा लावू देत नाही. म्हणजे हे शेवटचं नाव. त्यासाठी तीन जण आहेत. एक गौरीशंकर ढाबेवाला, ज्यानं हैदराबादच्या ट्रकवाल्यांकडून भोकाचे प्लास्टिकचे बॉल मागवून ही लीग सुरू केली. पण स्वतः तो दोनच हंगाम खेळला. दुसरा तू. तिसरा भीमनगरचा व्यंकट, तो डावरा बॉलर. त्याचं नाव त्याच्या मुलीनं, संघप्रियानं धाराशिवहून अर्ज करून पाठवलंय. कॉलेजात शिकवते ती. अर्ज इतका नेटका आहे की मी दोनदा वाचला.

पण नियम म्हणजे नियम, मानकऱ्याचे किमान दहा हंगाम पाहिजेत. व्यंकटचे नऊच होतात. नव्व्याण्णवच्या फायनलनंतर तो मैदानावर आलाच नाही. तुझे अकरा आहेत, आणि त्या फायनलच्या शेवटच्या बॉलवर तू मारलेला चौकार म्हातारीकोतारी अजून सांगतात. कमिटीत मी, प्रेमानंद गुरुजी आणि बिभीषण. तेव्हा तुझं झाल्यातच जमा आहे. एक बरा फोटो पाठव, शर्टाची वरची गुंडी लावलेला.

हे एकदा उरकलं की मी अध्यक्षपद सोडणार. लई दमलोय रे. शुभांगीला आशीर्वाद सांग. लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायला माझ्या अंगात त्राण नाही.
तुझा,
अण्णा


चाकण,
ता. २५ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांच्या चरणी विरेशचे शरणार्थी, नमस्कार.
वि. वि. पत्र मिळालं. शुभांगीनं पोस्टमनला दोनदा विचारलं की हे नक्की आमचंच का, कारण वीजबिलाशिवाय आमच्याकडं कागदच येत नाही. इथं कंपनीत रात्रपाळी-दिवसपाळी करून माझंही शरीर कुठं काय दुखतं ते सांगायचं बंद झालंय. पन्नाशी आली. पोरगा मला म्हणतो, बाबा तुम्ही बसल्या बसल्या झोपता.

अण्णा, फोटो पाठवत नाही. रागावू नका. हे मी फोनवर सांगू शकलो असतो, पण तुम्हाला ऐकू गेलं नसतं, आणि खरं म्हणजे ते बरंच झालं, कारण तोंडानं मला हे जमलं नसतं.

त्या फायनलचा शेवटचा बॉल दोनदा टाकला गेला. लोक दुसरा सांगतात, पहिला कुणी सांगत नाही. आपल्याला चार पाहिजे होते. व्यंकटनं टाकला, तो हवेत आत वळला, माझी बॅट अजून मागंच होती आणि लोखंडी स्टंपाचा आवाज मी माझ्या पायामागं ऐकला. मी साफ बोल्ड होतो. आपल्या पद्धतीनं विकेटकीपरनं बॉल तुमच्या हातात दिला. तुम्ही पंच. विकेट पडली की पंचानं आधी बॉल फिरवून बघायचा, तडा गेला असेल तर तो चेंडू धरायचा नाही, नवा बॉल घेऊन पुन्हा टाकायचा, आणि तडा नसेल तरच बोट वर करायचं. पंचाच्या शब्दावर कुणी बोलायचं नाही. तुम्ही बॉल वर धरून दाखवलात, त्याला तडा होता. व्यंकटनं पुन्हा टाकला आणि मी चौकार मारला.

पंचवीस वर्षं मी एकच विचार करतोय. बॉल नवा होता, त्याच षटकात काढलेला. माझी बॅट त्याला लागलीच नाही. व्यंकटची बॉलिंग स्लो, त्या वेगानं स्टंपावर आपटून भोकाचा बॉल फुटत नाही. मग तडा कशानं गेला?

मला उत्तर द्या किंवा नका देऊ. पण भिंतीवर माझं नाव नको. वहिनींना नमस्कार. शुभांगी म्हणते, त्या सामन्यात मला बक्षीस मिळालेल्या कुकरच्या आजवर अकरा रिंगा बदलल्या, पण भांडं पहिलंच आहे. आमच्यावरची माया आटू देऊ नका.
आपला,
विरेश


नळदुर्ग,
ता. १ डिसेंबर २०२४

चि. विरेश यास आशीर्वाद. वि. वि.
तुझं पत्र चार दिवस देव्हाऱ्यात ठेवलं होतं. पहिल्या दिवशी मी तुझ्यावर इतका चिडलो की जगदेवीला वाटलं तू वाटणी मागितलीस. म्हटलं, ज्याच्यासाठी केलं तोच आता हिशेब विचारतो. मग दुसऱ्या दिवशी चिडायलाही थकवा आला. हरभऱ्याला पाणी द्यायला वीज नाही, दुपारी आली की माणूस नाही. असं लिहीत बसलो तर पान भरेल आणि मूळ गोष्ट राहून जाईल, आणि मला तेच पाहिजे आहे हे मला कळतंय.

व्हय. मी अंगठ्यानं दाबला. दोन भोकांच्या मधे. कट् झालं.

आता तू म्हणशील का. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की आपल्या वडिलांसाठी, अप्पांसाठी केलं. अप्पा त्या दिवशी आजारपणातून उठून खुर्ची टाकून मैदानावर बसले होते, आपल्या गल्लीनं तोवर एकदाही कप आणला नव्हता, तुझी नोकरी नुकतीच गेली होती. हे सगळं खरं आहे. पण ते कारण नव्हे. त्या दिवशी मैदानात सहा बॉलर होते. दुसऱ्या कुणाचा बॉल असता तर माझा अंगठा धजला नसता. तो बॉल व्यंकटचा होता. भीमनगरचा पोरगा, तो बोलला तर त्याचं कोण ऐकणार, हे मला त्या क्षणात कळलं होतं. तेवढ्या भरवशावर मी दाबला. अप्पा गेले तेव्हा रडलो नाही इतका हे वाक्य लिहिताना रडलो. जगदेवीला सांगितलं, डोळ्यांत थेंब घातलेत.

आणि आता मीच अध्यक्ष म्हणून त्याला सांगणार की तुझे दहा हंगाम भरत नाहीत.

तूच सांग मी काय करू. तू धाकटा आहेस, पण मला विचारायला दुसरं कुणी नाही. तोंडातून निघालं की गल्ली मला सोडायची नाही, कप परत द्यावा लागेल, तुझ्या चौकाराचं हसं होईल. गप्प राहिलो तर दोन महिन्यांत भिंत भरेल आणि विषय मिटेल. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाला विषय मिटायची लई ओढ असते.

शुभांगीला आणि पोराला आशीर्वाद. माझ्यावर राग धर, पण लिहिणं सोडू नको.
अण्णा


चाकण,
ता. ७ डिसेंबर २०२४

ती. अण्णांना शरणार्थी. वि. वि.
सकाळी पाळीवरून येऊन पत्र वाचलं आणि मग झोप काही आली नाही. शुभांगीला सगळं सांगितलं. ती म्हणाली की भावजींनी निदान लिहिलं तरी, तुम्ही तर स्टंपाचा आवाज ऐकूनसुद्धा पंचवीस वर्षं त्याच कुकरमधला भात खाल्लात. मी बोल्ड झालोय हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मी पॅव्हेलियनकडं चालू लागलो असतो तर तुमचा अंगठा वाया गेला असता. तेव्हा दोष एकट्यानं घेऊ नका, निम्मा माझ्याकडं पाठवा.

तुम्हाला सांगणारा मी कोण? पण विचारलंत म्हणून लिहितो. आधी त्याच्याकडं जा, कमिटीकडं नंतर. माझ्या चौकाराची फिकीर करू नका, इथं चाकणमधे तो कुणाला माहीतच नाही. पोराला मात्र सांगावं लागेल. त्यानं शाळेत त्यावर निबंध लिहिला होता.

त्याचा दहावा हंगाम आपण दोघांनी खाल्लाय, अण्णा. तो नियमात कसा बसवायचा ते तुम्ही बघा. पायाला जपा, रिक्षानं जा. तुमचा हात डोक्यावर असू द्या.
आपला,
विरेश


नळदुर्ग,
ता. २१ डिसेंबर २०२४

चि. विरेश यास आशीर्वाद. वि. वि.
गेलो होतो. रिक्षानं नाही, चालत, कारण रिक्षानं लगेच पोचलो असतो.

व्यंकटचं बसस्टँडमागं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा भरतो. मी गेलो तेव्हा मांडीवर मोटार घेऊन तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होता. केस पिकलेत, डावा हात अजून तसाच लवचीक. मला पाहून मानेनं स्टुलाकडं खूण केली. मी बसलो आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, अंगठा, अप्पा, आणि ते दुसरं कारणसुद्धा. त्याचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, यानं ऐकलंच नाही, आता हे पुन्हा सांगायची ताकद माझ्यात नाही. मग लक्षात आलं, वेढे मोजताना मधे बोलला तर आकडा चुकतो, सगळी कॉइल उसवावी लागते. तो मोजत राहिला. कॉइल पुरी झाली, फरशीवर खडूनं आकडा लिहिला, मग माझ्याकडं बघून काहीतरी बोलला. माझं मशीन शिट्टी मारत होतं. मी कानाला हात लावला. तेव्हा त्यानं आकड्याखाली खडूनंच लिहिलं, “कट् झालेलं मी शेजारीच उभा राहून ऐकलं होतं.” मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीस. त्यानं लिहिलं, “सांगायचं कुणाला? पंच तर तुम्हीच.”

त्याची बायको हरणाबाई चहा घेऊन आली. ती फरशी वाचून आत निघून गेली. तो चहा ठेवून उठायची हिंमत झाली नाही, घोट घोट करून संपवला.

मी म्हटलं, दहाचा नियम मी मोडतो, तुझं नाव लिहितो. त्यानं मान हलवली. भीक म्हणून नाव नको म्हणाला, हे मात्र मला त्याच्या ओठांवरून कळलं. मग खडूनं लिहिलं, दहावा हंगाम खेळायला द्या. वय पंचावन्न, दर सामन्याला एक षटक टाकीन. अट एकच, पंच म्हणून शंभुलिंग सरांनी उभं राहायचं, प्रत्येक सामन्याला, माझ्याच टोकाला. माझे गुडघे त्याला दिसत होते. मी हो म्हणालो.

कमिटीला रविवारी सांगितलं. बिभीषण म्हणाला, मेलेली म्हैस उकरून काढायची गरज काय, सरांना वयानं काहीतरी आठवायला लागलंय. प्रेमानंद गुरुजींनी नव्व्याण्णवची स्कोअरची वही काढली आणि माझ्यापुढं पेन ठेवलं. मी शेवटच्या चेंडूपुढं लिहिलं, बॉल पंचानं फोडला, आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या कट्ट्यावर मी बसलो तर तिघं उठून गेले. कप गल्लीच्या मंडळात कपाटात आहे, तो द्यायला अजून कुणी तयार नाही. तुझं नाव मागं घेतलंय.

जगदेवी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी गुडघ्याला लावायला तेल कोमट करून पुढं ठेवलं. तुझी आठवण असू दे.
अण्णा


चाकण,
ता. ६ जानेवारी २०२५

ती. अण्णांना शरणार्थी. वि. वि.
तुमचं पत्र पोराला वाचून दाखवलं. तो उठून निबंधाची वही शोधायला लागला. सापडली का नाही, विचारलं नाही मी.

शुभांगीनं कुकर घासून, नवी रिंग घालून, एसटीच्या पार्सलनं व्यंकटच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवला होता. आठ दिवसांत तो परत आला. आत चिठ्ठी, हरणाबाईंची असावी. आमच्या घरी तीन आहेत, तुमचा तुम्हाला असू द्या, फक्त शिट्टी बदला, ती गळती आहे. शुभांगी आधी ओशाळली, मग हसली, मग शिट्टी बदलून आली.

तुम्ही उन्हात चार-चार तास उभे राहता असं वहिनींच्या फोनवरून कळलं. डोक्याला टॉवेल बांधत जा. व्यंकटदादांनी विकेट काढल्या का ते कळवा. मी सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. इथली सुट्टी देवाला मागितलेली बरी. आशीर्वाद चालू ठेवा.
आपला,
विरेश


नळदुर्ग,
ता. २८ जानेवारी २०२५

चि. विरेश यास आशीर्वाद. वि. वि.
हंगाम संपला. मी दोन दिवस पलंगावर आहे, गुडघे उशीवर ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर तिरकं आहे.

आठ सामने झाले. आठही सामन्यांना मी उभा राहिलो. पहिल्या दोन सामन्यांत गल्लीच्या पोरांनी माझ्या प्रत्येक निर्णयाला टाळ्या वाजवल्या, चेष्टेनं. मला ऐकू येत नव्हतं पण हात दिसत होते. बिभीषण सगळ्यांना पाणी द्यायचा, मला सोडून. चौथ्या सामन्यापासून द्यायला लागला, बाटली दुसरीकडं बघत पुढं करायचा. हे सगळं माझ्या कमाईचं आहे, तक्रार नाही.

व्यंकट दर सामन्याला एक षटक टाकायचा. माझ्यापासून हातभर अंतरावरून पळत जायचा. पोरांनी त्याला बदडला. त्याच्या मुलीच्या वयाची पोरं, त्यांना डावखुरा हात कळतच नव्हता आणि तरीही बॅट लागत होती. सात सामने, सात षटकं, एकही विकेट नाही. संघप्रिया दर रविवारी धाराशिवहून यायची, पायरीवर बसून बापाच्या पिशवीची राखण करायची, माझ्याकडं बघायची नाही. सहाव्या सामन्याला नमस्कार केला. मी उत्तर दिलं का नाही मला आठवत नाही, इतका गडबडलो.

नाव लिहून झालं. भागवत पेंटरनं परवा सकाळी झेंडावंदनानंतर पाइपाच्या अलीकडच्या ओळीत लिहिलं, “व्यंकट, भीमनगर, दहा हंगाम.” गौरीशंकरनं स्वतःहून आपलं नाव मागं घेतलं आणि ढाब्यावरून सगळ्यांना पोहे पाठवले. कप मंडळानं अजून दिला नाही, पण कपाटाची किल्ली प्रेमानंद गुरुजींकडं आणून दिलीय. चालतंय तसं चालू दे.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली.

आठवा सामना, भीमनगरचा शेवटचा. व्यंकटचं शेवटचं षटक, त्याचा चौथा बॉल. तोच बॉल रे, विरेश. हवेत आत वळलेला. पोराची बॅट मागंच होती, तुझी होती तशी. स्टंप आडवे झाले. सगळं भीमनगर मैदानात धावलं, संघप्रिया पायरीवर उभी राहिली. कीपरनं बॉल माझ्या हातात आणून दिला. मी फिरवून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, अंगठा लांब ठेवून पाहिला. काही नव्हतं. मी बोट वर केलं. पंचवीस वर्षांपूर्वी जे करायचं होतं ते आज केलं असं वाटलं.

व्यंकट नाचला नाही. माझ्याजवळ आला, बॉल मागून घेतला, कानाजवळ धरून हलकेच दाबला. मग खालच्या बाजूचं एक भोक माझ्या डोळ्यांपुढं धरलं. केसाएवढा तडा होता. स्टंपाला लागताना आवाज बद्द आला होता म्हणे, त्यानं ऐकला, मला कुठून ऐकू येणार. पोरांचा मार खाऊन थंडीत तो खरोखरच फुटला होता. मी त्याला हळूच म्हटलं, कुणाला दिसला नाही, राहू दे, एवढी एक तर राहू दे. तर त्यानं माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाला, “तुम्हाला दिसला न्हाय, म्हणून तर दावला.”

बोट वर होतं. सगळं मैदान बघत होतं. ते खाली घ्यायला मला किती वेळ लागला मला माहीत नाही. प्रेमानंद गुरुजी म्हणतात, लई वेळ लागला.

नवा बॉल काढला, त्यानं पुन्हा टाकला, पोरानं चौकार मारला. दहाव्या हंगामात व्यंकटची विकेट शून्य, तशीच वहीत नोंद आहे.

आता झोपतो. शुभांगीला आणि पोराला आशीर्वाद. अध्यक्षाला लिहायचं पत्र आता प्रेमानंद गुरुजींना पाठवत जा, भावाला लिहायचं मात्र माझ्याच नावानं येऊ दे.
तुझा,
अण्णा